येरेवानहून आलेल्या कड्यावरचं काळं

प्रश्न: मुलगी आर्मेनियात येरेवानला मेडिकलला आहे, तिने तिथल्या वेर्निसाज बाजारातून माझ्यासाठी चांदीचं कडं आणलं. डाळिंबाची नक्षी आहे पण रेघा काळ्या, मला वाटलं चांदी काळी पडली म्हणून नेहमीसारखं अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात टाकलं तर रेघा फिकट झाल्या. कडं नकली आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, आधी सोडा बंद करा! ते काळं म्हणजे मळ नाहीये, बहुतेक तीच कारागिरी आहे. आर्मेनियन सोनार याला सेवाद म्हणतात. कलमाने चांदीत रेघा कोरायच्या, मग चांदी, तांबं, शिसं आणि गंधक एकत्र वितळवून झालेला काळा गोळा कुटून पूड करायची, ती टाकणखार लावून रेघांत भरायची आणि तापवायचं, पूड वितळून खाचेत बसते, वरचं जास्तीचं घासून काढलं की चांदी लख्ख आणि रेघ काळीभोर. आता गंमत बघा, चांदी काळी पडते तीही गंधकामुळेच, त्यामुळे सोड्याला मळ कुठला आणि नक्षी कुठली ते कळतच नाही, दोन्हीवर घाव घालतो.

नकली म्हणायची घाई नको. भिंग घेऊन बघा आणि रेघेवरून नख फिरवा, काळं चांदीच्या बरोबरीने भरलेलं असेल आणि नख अडत नसेल तर सेवाद. खाच रिकामी आणि तळाशी नुसती काळी झाक असेल तर आपल्याकडच्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यासारखं, ती सहज निघते आणि सोनार परत करूनही देतो. आत ९२५ किंवा सोव्हिएत काळातला ८७५ चा शिक्का असेल तर चांदी खरी असायची शक्यता जास्त.

माझा जीव तुटतो तो वेगळ्या कारणाने. या कामाचं मोठं गाव व्हान, आज तुर्कस्तानात आहे. तिथले आर्मेनियन सोनार बायकांचे रुंद चांदीचे कंबरपट्टे करायचे, व्हान सरोवरातल्या अख्तमार बेटावरचं चर्च त्यावर काळ्या रेघांत कोरायचे. १९१५ च्या आर्मेनियन लोकांच्या नरसंहारात ते गाव उजाड झालं, जगलेवाचलेले जिकडे गेले तिकडे हे हातातलं कसब घेऊन गेले.

कडं आता फक्त मऊ सुती कापडाने पुसा, अगदीच वाटलं तर कोमट पाणी आणि रिठा, आणि कोरडं करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि मुलीला येरेवानच्या रिपब्लिक चौकातल्या इतिहासाच्या म्युझियममध्ये पाठवा, तिथे आर्मेनियातल्याच करशांबला १९८७ मध्ये सापडलेला चांदीचा पेला आहे, चार हजार वर्षांपूर्वीचा, त्यावर शिकारीच्या आणि लढाईच्या चित्रांच्या रांगाच रांगा.