उत्तर उणे आले, म्हणजे ठोकळा उलटा सरकला का?

प्रश्न: ३०° उतारावर ५ किलोग्रॅमचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी वरच्या कप्पीवरून जाते आणि तिच्या टोकाला ३ किलोग्रॅमचा ठोकळा लोंबकळतो. घर्षणांक ०.२ आणि गुरुत्व त्वरण १० धरले, तर त्वरण उणे ०.४६ येते. म्हणजे ठोकळा उताराने खाली सरकतो का? (अकरावीतील विद्यार्थी)

उत्तर: नाही, तो मुळीच हलत नाही. आपली आकडेमोड बरोबर आहे. चूक त्याआधीच्या गृहीतकात आहे. लोंबकळणाऱ्या ठोकळ्याचे वजन ३० न्यूटन, तर उताराच्या दिशेने खाली ओढणारे बल २५ न्यूटन, म्हणजे ठोकळ्याला वर नेऊ पाहणारे बल अवघे ५ न्यूटन उरते. घर्षण मात्र ८.६६ न्यूटनपर्यंत विरोध करू शकते. आपण हे कमाल मूल्य थेट समीकरणात घातले, पण स्थितिक घर्षण (वस्तू स्थिर असतानाचे घर्षण) गरजेपुरतेच लागते. येथे ते ५ न्यूटन, उताराच्या खालच्या दिशेने आहे आणि दोरीतील ताण ३० न्यूटन आहे. वर जाऊ पाहणाऱ्या ठोकळ्याला घर्षण स्वतःहून खाली सरकवू लागेल, हे कधीच घडत नाही.

म्हणून घर्षण बाजूला ठेवून आधी ठोकळा कोणत्या दिशेला सरकू पाहतो ते पाहावे आणि मगच त्या बलाची कमाल घर्षणाशी तुलना करावी. लोंबकळणारा ठोकळा ४ किलोग्रॅमचा केला, तर १५ न्यूटनचे बल घर्षणावर मात करते आणि गतिक घर्षणांकही (वस्तू सरकत असतानाचा घर्षणांक) ०.२ धरल्यास त्वरण सुमारे ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, तर ताण ३७.२ न्यूटन येतो.