रस्ता कोणासाठी बांधला होता? डोंगराळ मुलखातील सायकलस्वारांची प्रश्नोत्तरे

डोंगराळ ग्रामीण भागातून रोड सायकलने जावे आणि वाटेतील जुनी ठाणी, मठ, पूल व तटबंदीची गावेही पाहावीत, अशी इच्छा असणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : सपाट रस्त्यावर मी शंभर किलोमीटर सहज जातो. डोंगराळ भागातील साठ किलोमीटरच्या मार्गावर मात्र निम्म्यातच पाय भरून आले. मार्ग निवडताना नेमके काय पाहावे?

डोंगरात अंतर हा दुय्यम आकडा असतो. आधी पाहायचा तो एकूण चढाईचा आकडा. सायकल, पाणी आणि सामान धरून आपले वजन ८५ किलो आहे असे समजू. एवढे वजन १००० मीटर उंच नेण्यासाठी सुमारे ८३४ किलोज्यूल काम करावेच लागते, मग रस्ता लांब असो वा आखूड. सलग काही तास १५० वॉट शक्ती लावू शकणाऱ्या सायकलस्वाराचा नुसत्या त्या उंचीसाठीच दीड तासाहून थोडा अधिक वेळ जातो. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांचा वाटा वजा केला, तर तासाला ५५० ते ६०० मीटर चढाई हा अशा माणसासाठी योग्य अंदाज ठरतो. म्हणून मार्ग आखताना चढाचे तास वेगळे काढावेत आणि उरलेल्या अंतराचे वेगळे. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघेल, ही अपेक्षा ठेवू नये. दहा किलोमीटर चढ ताशी १० किलोमीटर वेगाने चढलात आणि तोच रस्ता ताशी ४० वेगाने उतरलात, तरी वीस किलोमीटरला सव्वा तास लागतो, म्हणजे सरासरी वेग ताशी १६ किलोमीटरच पडतो.

दुसरी फसगत सरासरी चढाच्या आकड्यामुळे होते. इटलीतील कोमो सरोवराकाठच्या बेलाज्योहून मादोन्ना देल गिसाल्लोच्या चॅपेलकडे जाणारा चढ कागदावर मध्यम वाटतो, परंतु मधला भाग जवळजवळ सपाट असल्यामुळे सरासरी खाली येते आणि सुरुवातीच्या टप्प्यात चढ १४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे शंभर मीटरला चौदा मीटर उंची इतका, जातो. सरासरीवर विसंबून सुरुवातीलाच जोर लावणाऱ्याला पुढे तो भारी पडतो. प्रत्येक किलोमीटरचा चढ वेगळा दाखवणारी आकृती पाहिल्याशिवाय मार्ग नक्की करू नये. चार-पाच टक्क्यांवर बोलत बोलत जाता येते, सात-आठ टक्क्यांवर लय सांभाळावी लागते, दहाच्या पुढे बोलणे थांबते आणि पंधराच्या पुढे सायकल पुढे सरकत ठेवणे एवढेच उद्दिष्ट उरते. सर्वांत अवघड चढ पहिल्या एक तृतीयांश अंतरात यावा, अशा बेताने फेरीची दिशा ठरवावी.

प्रश्न : नकाशात रोमन काळातील रस्ता सरळ आणि जवळचा दिसतो, तर अलीकडचा रस्ता वळणे घेत बराच लांबून जातो. जुना रस्ता पाहण्याचीही ओढ आहे. कोणता घ्यावा?

हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रस्ता कोणासाठी बांधला गेला हे कळले, की तो कसा चढेल हे बहुतेक वेळा चढाची आकृती न पाहताही सांगता येते. रोमन मार्ग मुख्यतः पायी चालणाऱ्या सैन्यासाठी आणि लादलेल्या जनावरांसाठी आखलेले होते. माणूस आणि खेचर दोघेही तीव्र चढ चढू शकतात, त्यामुळे डोंगर आडवा आला तरी आखणी करणारे फारसे वळसे घेत नसत. अवघड कड्यांपाशी हे रस्तेही वळत, पण सायकलस्वाराच्या पायांना दया वाटावी इतके नव्हे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ओझ्याच्या गाड्या व टपालाच्या बग्ग्या घोडे ओढू लागले, तेव्हा हिशेब बदलला. जड गाडी ओढणारा घोडा तीव्र चढावर थकून थांबतो, म्हणून अभियंत्यांनी डोंगराच्या अंगाला मागे-पुढे वळणे घालून चढ आटोक्यात ठेवला.

ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने उत्तर इटलीतील लोंबार्डीशी संपर्क राहावा म्हणून १८२० ते १८२५ या काळात बांधलेला स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता याचे उत्तम उदाहरण आहे. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने आखलेला हा रस्ता २७५७ मीटर उंचीवर पोहोचतो. प्रातो गावाच्या बाजूने येताना ४८ हेअरपिन वळणे लागतात आणि सुमारे चोवीस किलोमीटरमध्ये १८०० मीटर चढावे लागते, तरी सरासरी चढ साडेसात टक्क्यांच्या आसपासच राहतो. चढ लांब आणि थकवणारा आहे, पण एकदा लय सापडली की ती मोडत नाही. आजही तो सायकलला मानवतो, कारण घोड्याची आणि सायकलस्वाराची अडचण एकाच प्रकारची आहे.

याउलट इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट खिंड पाहा. ती समुद्रसपाटीपासून जेमतेम ३९३ मीटर उंच आहे, परंतु रस्ता काही ठिकाणी ३३ टक्क्यांच्या आसपास चढतो. रोमन सैन्याचा अँबलसाइड ते रेव्हनग्लास हा मार्ग याच खिंडीतून जात असे, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, हेड्रियन सम्राटाच्या काळात बांधलेल्या ठाण्याच्या भिंती तेथे अजून उभ्या आहेत. ते ठाणे पश्चिमेच्या उतारावर असल्याने त्यासाठी खिंड ओलांडण्याची गरज नाही. पश्चिमेकडून यावे, झेपेल तेथपर्यंत सायकल चालवावी, मग उतरून ढकलत न्यावी. ढकलण्यात कमीपणा मुळीच नाही. तो रस्ता मुळात चालणाऱ्यांचाच होता.

तेव्हा चढून जाण्यासाठी बग्ग्यांचा रस्ता निवडावा आणि जुना मार्ग जेथे त्याला मिळतो वा छेदतो, तेथे थांबून तो पायी पाहावा. सर्वांत बेभरवशाचे म्हणजे गावातून शेताकडे जाणारे रस्ते. त्यांना अभियंत्याचा हात लागलेला नसतो, ते पाचशे मीटरमध्ये वीस टक्के चढून पुन्हा तितकेच खाली उतरतात, आणि मार्ग सुचवणाऱ्या अ‍ॅपला नेमके तेच जवळचे वाटतात.

प्रश्न : माझ्या सायकलला पुढे ५० व ३४ दातांच्या चेनरिंग (पॅडलजवळच्या दातेरी चकत्या) आणि मागे ११–२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरील ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच) आहे. डोंगरासाठी ती बदलणे खरोखर आवश्यक आहे का?

दहा टक्क्यांचे चढ मार्गात असतील, तर बदलावी. पुढे ३४ आणि मागे २८ दात असताना मिनिटाला पॅडलच्या ६० फेऱ्या मारल्या, तर वेग ताशी सुमारे ९.२ किलोमीटर होतो आणि ८५ किलो वजनासह दहा टक्के चढावर तो टिकवायला साधारण २२५ वॉट लागतात. मागे ३४ दातांचा गिअर असेल, तर त्याच फेऱ्यांत वेग ७.५ किलोमीटरवर येतो आणि १८५ वॉट पुरतात. पहिल्या परिस्थितीत ज्याच्याकडे २२५ वॉट नाहीत, त्याच्या फेऱ्या पन्नास-चाळीसवर घसरतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. ऐतिहासिक गावे बहुधा टेकडीच्या माथ्यावर असतात, त्यामुळे दिवसभराचा थकवा घेऊन शेवटचा तीव्र चढ चढायचा असतो, हेही लक्षात घ्यावे. कॅसेट बदलताना मागच्या डिरेलरची (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची) क्षमता आणि साखळीची लांबी तपासून घ्यावी. अनेक जुने डिरेलर ३४ दात पेलत नाहीत.

प्रश्न : दगडी फरसबंदी आणि लांब उतार या दोन्हींची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

फरसबंदीचे प्रकार वेगळे ओळखावेत. स्वित्झर्लंडमधील गोटहार्ड खिंडीच्या दक्षिण अंगाला ट्रेमोला नावाचा जुना रस्ता आहे. तेथे लहान दगड एकमेकांना घट्ट बसवलेले असल्यामुळे वेग कमी होतो, पण सायकल चालते. रोमजवळच्या व्हिया आपियाचा मूळ भाग मात्र मोठमोठ्या बसाल्टच्या शिळांचा असून त्यांच्यामध्ये बोटभर रुंद फटी आहेत. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये सुरू झालेला हा रस्ता पाहण्यासारखा आहे, पण अरुंद टायरवर चालवण्यासारखा नाही. इटलीच्या टस्कनी भागातील पांढऱ्या कच्च्या रस्त्यांना खडीवर चालतील असे टायर लागतात. असे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, या हेतूने १९९७ मध्ये गायोले इन कियांती येथे ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली आणि ती आजही चालते. या सर्वांसाठी फ्रेममध्ये जागा असेल तर किमान २८, शक्यतो ३२ मिलिमीटरचे टायर घालावेत आणि त्यांत हवा थोडी कमी ठेवावी. दगडांवर हँडल आवळून धरू नये, जड गिअरवर सावकाश पण सलग पॅडल मारत राहावे.

उताराच्या भीतीमागे सबळ कारण आहे. चढताना साठवलेली सगळी ऊर्जा उतरताना कोठेतरी खर्च व्हावी लागते, एक तर हवेत किंवा ब्रेकमध्ये. पाचशे मीटर उतरताना ८५ किलो वजनाची चारशे किलोज्यूलहून अधिक ऊर्जा मोकळी होते. ब्रेक हलकेच पण सतत दाबून ठेवला, तर ती सारी उष्णता रिममध्ये (चाकाच्या धातूच्या किंवा कार्बनच्या कड्यात) साठते. रिम ब्रेक (थेट या कड्यावर दाबणारे ब्रेक) असलेल्या सायकलीवर त्यामुळे ट्यूब फुटू शकते आणि कार्बनच्या रिमला कायमची इजा होऊ शकते. त्याऐवजी सरळ बसून छातीवर वारा घ्यावा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोर देऊन दाबावेत आणि वळणात शिरण्यापूर्वी सोडून द्यावेत, म्हणजे रिमला मध्ये थंड व्हायला वेळ मिळतो. वळणात नजर समोरच्या दगडावर न ठेवता रस्ता जेथे बाहेर पडतो तेथे ठेवावी. ओली पाने, शेणाचा राडा आणि सावलीतला ओलावा यांच्यावर ब्रेक लावू नये.

प्रश्न : आईवडिलांना सोबत न्यायचे आहे. त्यांना इतिहास पाहायचा आहे, पण चढ झेपणार नाहीत.

बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटा शोधाव्यात. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, म्हणून साधी रेल्वे दोन-तीन टक्क्यांपेक्षा अधिक चढ सहसा घेत नाही, आणि डोंगर आला की बोगदा काढते किंवा पूल बांधते. त्रिएस्ते ते पोरेच ही १२३ किलोमीटरची अरुंदमापी ‘पारेंझाना’ रेल्वे १९०२ ते १९३५ या काळात धावत होती. आज तिच्या मार्गावरून इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया या तीन देशांतून सायकलने जाता येते. मोटोवुनसारखे तटबंदीचे गाव या वाटेच्या वर, टेकडीवर आहे, म्हणजे वाट सौम्य असली तरी गावात शिरण्यासाठी चढावे लागतेच. तेवढ्यासाठी सायकल खाली लावून चालत जावे. क्रोएशियातील बराचसा भाग खडीचा आहे, त्यामुळे रुंद टायर हवेत.

कालव्याकाठच्या वाटा याहूनही सपाट असतात. फ्रान्समधील तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा कनाल द्यु मिदी १६८१ मध्ये पुरा झाला. पिएर-पॉल रिके यांनी आखलेल्या या २४० किलोमीटरच्या कालव्यावर पाण्याच्या पायऱ्यांसारखी जलद्वारे आहेत आणि वाट तेवढ्याच ठिकाणी थोडीशी चढते. मात्र बऱ्याच भागात झाडांची मुळे वर आली आहेत, त्यामुळे अंतर रोजच्यापेक्षा कमी धरावे.

प्रश्न : एखादे स्थळ पाहण्यासाठी थांबलो, की नंतर पाय आखडतात आणि उतारावर थंडी वाजते. थांबे कसे ठरवावेत?

मोठा चढ संपल्यावर लगेच थांबू नये. पाच-सात मिनिटे हलक्या गिअरवर फिरून मग उतरावे. घामाने भिजलेल्या कपड्यांत दगडी वास्तूत शिरल्यास शरीर झपाट्याने थंड होते, म्हणून आत जाण्यापूर्वीच, थंडी वाजायच्या आधी, जॅकेट चढवावे. दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते आणि उतारावरील वाऱ्याने ते आणखी कमी जाणवते, त्यामुळे उन्हाळ्यातही वारा अडवणारे जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात असावेत. प्रार्थनास्थळे असतील तर खांदे आणि गुडघे झाकणारे एक पातळ वस्त्र सोबत ठेवावे. क्लीट (पॅडलमध्ये अडकणारा तळाचा तुकडा) असलेल्या बुटांनी झिजलेल्या दगडी पायऱ्यांवर पाय घसरतो आणि दगडांनाही ओरखडे पडतात, म्हणून क्लीटवर रबरी झाकणे घालावीत.

दिवसात एकच मोठे स्थळ नीट पाहावे आणि त्याला दीड तास द्यावा. बाकीची रस्त्यावरूनच पाहावीत. अनेक लहान गावांतील वास्तू दुपारी काही तास बंद असतात, त्यामुळे मोठा चढ सकाळी आणि स्थळ दुपारच्या बंदीपूर्वी, असा क्रम लावावा. सायकलला भिंतीचा आधार देताना भिंत कोणत्या काळातील आहे ते आधी पाहावे. चुनखडीच्या जुन्या बांधकामाला हँडलचे टोक लागले तरी कपचा निघतो.