दोन तारे आदळणार हे आधी कळतं का? आपल्या आकाशगंगेकडे येणारी देवयानी दीर्घिका तिच्यात मिसळली, तर सूर्यावर तारा आदळेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे: नाही. सूर्य ज्वारीच्या ४ मिलिमीटरच्या दाण्याएवढा धरला, तर सर्वांत जवळचा तारा सुमारे ११५ किलोमीटरवर येतो. इतक्या मोकळ्या जागेत वाट चुकून कोणी कोणाला धडकत नाही. एकमेकांत मिसळतात ते जन्मापासून जवळ फिरणारे जोडतारे, आणि ते ओळखायचे घड्याळावरून.

वृश्चिकातला व्ही१३०९ हा जोडतारा त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा. सप्टेंबर २००८ मध्ये जपानी आणि चिनी हौशी निरीक्षकांना तो नवतारा, म्हणजे अचानक तेजाळलेला तारा, म्हणून दिसला. पण थोड्याच काळात तो थंड आणि लाल झाला, नवताऱ्याला न शोभणारं वागणं. चिलीतल्या लास कॅम्पानासच्या १.३ मीटर दुर्बिणीने गुरुत्वीय भिंगांच्या (गुरुत्वाने प्रकाश वाकवणाऱ्या वस्तूंच्या) शोधात तोच भाग वर्षानुवर्षं टिपला होता. ती जुनी मोजमापं काढल्यावर दिसलं की दोन ताऱ्यांची एकमेकांभोवतीची १.४ दिवसांची फेरी २००२ ते २००७ दरम्यान सुमारे एक टक्क्याने, म्हणजे वीसेक मिनिटांनी, आखडली होती. घटण्याचा वेगही वाढत होता. फेरीमागे दिसणारे प्रकाशाचे दोन उंचवटे हळूहळू एकच झाले. शेवटच्या दहाएक दिवसांत तेज सुमारे ३०० पट वाढलं.

वेळेच्या नोंदींना कारकुनी काम म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे तो इथेच. हंसातला केआयसी ९८३२२२७ हा जोडतारा २०२२ च्या सुमारास विलीन होईल असं २०१७ मध्ये जाहीर झालं. २०१८ मध्ये कळलं की जुन्या मोजमापांतली एक वेळ १२ तासांनी चुकीची छापली गेली होती. त्याची फेरी ११ तासांची, म्हणून ती चूक एका तासाच्या खऱ्या फरकासारखी दिसली आणि भाकीतच कोसळलं.

अशी मोजणी स्वतः करायची असेल तर सप्तर्षीतला डब्ल्यू अर्सी मेजॉरिस घ्या. तेजस्वितेने आठव्या प्रतीचा, फेरी ८ तासांची, दर ४ तासांनी मिनिमम, म्हणजे तेज सर्वांत कमी होण्याची वेळ. सहा इंची दुर्बीण पुरते. मिनिममच्या आधी आणि नंतर तासभर सलग फोटो घ्या. फोकस किंचित ढिला ठेवा, म्हणजे मधले पिक्सेल भरून जाणार नाहीत. तुलनेचा तारा जवळच्याच रंगाचा हवा, नाहीतर तारा क्षितिजाकडे उतरताना आलेख तिरपा होतो. संगणकाचं घड्याळ इंटरनेटशी जुळवा, वेळ युटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत, ठेवा. ज्युलियन दिवस (खगोलशास्त्रातली सलग दिवसमोजणी) आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो, तिथेच अर्धा दिवस निसटतो. पृथ्वीच्या कक्षेमुळे प्रकाश पोचायच्या वेळेत ८.३ मिनिटांपर्यंतचा फरक पडतो, तो दुरुस्त केल्याशिवाय आलेख काढू नका.

मोजलेल्या वेळेतून अपेक्षित वेळ वजा केल्यावर आलेख खाली वाकला, तर फेरी आखडते आहे. पण जवळ तिसरा तारा असेल तर तोच आलेख लाटेसारखा वरखाली होतो आणि चार-पाच वर्षांत लाटेचा उतारच दिसतो. ताऱ्यावरचे डागही मिनिमम काही मिनिटं सरकवतात. लहान ताऱ्याचं वस्तुमान मोठ्याच्या दहाव्या भागाहून कमी असेल तर मात्र लक्ष ठेवा: लहान ताऱ्याला कक्षेत फिरतं ठेवायला लागणारा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) मोठा ताराच स्वतःच्या परिवलनात ओढून घेतो आणि दोघे मिसळू शकतात.

एक राहिलं. गोलाकार तारकागुच्छांच्या गाभ्यात तारे इतके दाटलेले असतात की तिथे परके तारेही खरोखर आदळतात. ज्वारीचा हिशोब तिथे लावू नका.