वीज गेली तरी थंड होणारी भट्टी

विद्यापीठांमधल्या प्रगत अणुभट्ट्यांच्या संशोधनावर आलेल्या पत्रांतली पाच आज घेतो.

प्रश्न : विद्यापीठाच्या आवारात अणुभट्टी आणि ती विद्यार्थ्यांच्या हाती? भीती वाटते. (शिक्षक, नाशिक)

आधी आकार पाहा. तारापूरचं तिसरं आणि चौथं युनिट प्रत्येकी ५४० मेगावॅट वीज देतं. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या रीड कॉलेजची भट्टी फक्त २५० किलोवॅट उष्णतेची आहे. ती १९६८ पासून चालते आणि पदवीचे विद्यार्थीच ती चालवतात. त्यासाठी आधी परीक्षा देऊन सरकारी नियामकांचा परवाना मिळवावा लागतो. अशा भट्टीतून वीज काढत नाहीत. न्यूट्रॉन मिळवायचे आणि माणसं तयार करायची, एवढंच तिचं काम.

प्रश्न : फुकुशिमात भट्ट्या बंद झाल्यावरही इंधन वितळलं. चीनच्या नव्या भट्टीत तसं होणार नाही असं वाचलं. खरं का? (निवृत्त अभियंता, पुणे)

साखळी प्रक्रिया थांबली तरी विखंडनातून, म्हणजे अणू फुटून, तयार झालेली मूलद्रव्यं उष्णता देतच राहतात. बंद केल्याक्षणी मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के, दिवस उलटल्यावरही सुमारे अर्धा टक्का. ३००० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीत हा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॅट. फुकुशिमात त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पंप थांबले आणि ही उष्णता आत कोंडली.

बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठाने पंपावाचून भागेल अशी भट्टी उभारायचं ठरवलं. कल्पना मुळात जर्मनीची. युलिशला १५ मेगावॅट विजेची गोळ्यांची भट्टी १९६७ ते १९८८ चालली होती. तीत इंधनाच्या कांड्या नसतात, ग्रॅफाइटचे ६ सेंटिमीटर व्यासाचे गोळे असतात. प्रत्येक गोळ्यात मोहरीहून लहान असे हजारो कण आणि प्रत्येक कणाच्या पोटात अर्ध्या मिलिमीटरचा युरेनियमचा दाणा. त्याभोवती कार्बनचे आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर. सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत हे कवच किरणोत्सर्गी द्रव्यं आत धरून ठेवतं.

पण खरी किमया कवचाची नाही, विरळपणाची आहे. नेहमीच्या दाबित पाण्याच्या भट्टीत गाभ्याच्या एका घनमीटरमधून साधारण १०० मेगावॅट उष्णता निघते, इथे जेमतेम तीन. गाभा उंच आणि अरुंद. त्यामुळे उरलेली उष्णता भिंतीवाटे आपोआप बाहेर पडते आणि तापमान १६०० च्या आतच राहतं.

विद्यापीठाने हे आधी स्वतःच्या १० मेगावॅटच्या भट्टीत तपासलं. ती २००० च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २००३ मध्ये पूर्ण शक्तीवर पोहोचली. मग शानतुंग प्रांतातल्या शिदाओवानला मोठी जोडी उभी राहिली. २५० मेगावॅट उष्णतेच्या दोन भट्ट्या मिळून २१० मेगावॅटचं एक टर्बाइन फिरवतात. २०२३ मध्ये तिथे प्रत्येक भट्टी २०० मेगावॅटवर चालत असताना मुद्दाम शीतकाचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याचा, पुरवठा तोडला. आपत्कालीन शीतकरणाशिवाय दोन्ही आपोआप थंड झाल्या. गणितात बसणं वेगळं आणि खऱ्या भट्टीचा पुरवठा तोडून दाखवणं वेगळं. ह्या क्षेत्रात इतकी वर्षं काढूनही त्या चाचणीचे निष्कर्ष वाचताना मी थरारून गेलो.

किंमतही आहे. विरळपणामुळे थोड्या विजेसाठी भलंमोठं पात्र लागतं. बांधकाम २०१२ मध्ये सुरू झालं आणि व्यापारी वीज २०२३ च्या डिसेंबरात मिळू लागली.

प्रश्न : मग अणुकचऱ्याचा प्रश्न सुटला का? (गृहिणी, कोल्हापूर)

नाही. उलट ग्रॅफाइटमुळे वापरलेल्या इंधनाचं आकारमान वाढतं. त्याला खोल, सुरक्षित साठवण लागणारच.

प्रश्न : वितळलेल्या मिठाची भट्टी अमेरिकेत साठच्या दशकात चालली होती. मग थोरियमच्या देशात ती अजून का नाही? (विद्यार्थी, औरंगाबाद)

चालली होती हे खरं. ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९, सुमारे ६५० अंशांवर. इंधन फ्लोराइड मिठातच विरघळवलेलं होतं. १९६८ मध्ये तीत थोरियमपासून मिळणारं युरेनियम-२३३ सुद्धा वापरलं. पण बंद केल्यावर धातू तपासला तेव्हा विखंडनातून आलेल्या टेल्युरियममुळे निकेलच्या मिश्रधातूच्या पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या. मिठातल्या लिथियमपासून ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तयार होतं आणि ते तापलेल्या धातूतून झिरपतं, ही दुसरी अडचण.

थोरियम आपल्या केरळ-ओडिशाच्या वाळूत भरपूर आहे, पण ते स्वतः पेटत नाही. आधी न्यूट्रॉन देऊन त्याचं युरेनियम-२३३ करावं लागतं. त्यासोबत येणाऱ्या युरेनियम-२३२ च्या साखळीतून तीव्र गॅमा किरण निघतात, म्हणून ते जाड भिंतीआडून हाताळायचं. तरी कल्पाक्कमला ३० किलोवॅटची ‘कामिनी’ १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालवून दाखवली आहे.

टेक्सासच्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाला १ मेगावॅटच्या मिठाच्या भट्टीसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला. फक्त बांधण्याचा, चालवण्याचा वेगळा घ्यावा लागतो. माझ्या मते आपल्याकडेही विद्यापीठात अशी छोटी भट्टी हवी. मोठ्या आराखड्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, पाइपच्या आतून धातू किती झिजला हे मोजणारे हात मात्र कमी पडतात.

प्रश्न : मी धातुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अणुऊर्जेत यायला भौतिकशास्त्रच हवं का? (विद्यार्थिनी, सांगली)

मुळीच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणशाळेत अभियांत्रिकीचे पदवीधरही घेतात. संशोधनच करायचं असेल तर होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ आहे, आयआयटी कानपूरमध्ये अणु-अभियांत्रिकीही शिकवतात. तोपर्यंत कॉलेजातच निकेलच्या मिश्रधातूंचं गंजणं, त्यांचं वेल्डिंग आणि कणसीमांवरच्या भेगा नीट शिकून घे. वरच्या उत्तरातला टेल्युरियमचा प्रश्न तुझ्याच विषयातला आहे.