रोमन नाण्यांवरची अक्षरं फोटोत नीट येत नाहीत, काय करू?

फ्लॅश आधी बंद करा, समोरून थेट उजेड पडला की अक्षरं सपाट होऊन गायबच होतात. एकच दिवा घ्या, घड्याळात दहा-अकरा वाजतात त्या दिशेला, उंचीला बराच खाली, आणि मग नाणं हळूहळू फिरवत बघा, सम्राटाचं नाक, केस, कडेचा लेख कधी एकदम उठून येतो ते कळतंच, मला तर यातच सगळी मजा वाटते. कॅमेरा स्टँडवर, मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ ८ च्या आसपास. डिनेरियस हे चांदीचं रोमन नाणं चमकतं म्हणून ट्रेसिंग पेपरमधून उजेड द्या, पांढऱ्या कागदावर ठेवलेली सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातली काळपट ब्राँझ नाणी मात्र एक्स्पोजर वाढवल्यावरच खुलतात. आणि फोटोसाठी घासून पॉलिश करू नका प्लीज!! ब्राँझवरचा तो हिरवा-तपकिरी थर जवळपास १७०० वर्षांत तयार झालेला आहे.