परदेशातून शिकून आला, आता नाइट ड्यूटीला जाऊ द्यावं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टरकाका, आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरात राहतो. मुलाला नीटमध्ये सरकारी सीट मिळेल एवढे मार्क्स नव्हते आणि प्रायव्हेटची फी ऐकून तर आमचे डोळेच पांढरे झाले, म्हणून 2018 मध्ये त्याला जॉर्जियाला पाठवलं. सहा वर्षं करून आला. एफएमजीई, म्हणजे परदेशातून डॉक्टरकी शिकून आलेल्यांना इथे द्यावी लागते ती परीक्षा, दोनदा दिली, दुसऱ्यांदा 141 आले, नऊ मार्कांनी राहिली. आता एक नर्सिंग होमवाले रात्रीचा ड्यूटी डॉक्टर म्हणून बोलावतायत, कागदांवर सही मोठ्या डॉक्टरांचीच असेल म्हणतात. आमचे हे म्हणतात जाऊ दे, तेवढाच हात चालता राहील. मला रात्री झोप लागत नाही. काय करू? – एक आई

उत्तर: ताई, अजिबात पाठवू नका. मध्यरात्री छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं तर मोठे डॉक्टर घरी झोपलेले असणार, इंजेक्शन देणार तुमचा मुलगा, आणि काही बरंवाईट झालं तर पहिला प्रश्न हाच येणार की ह्याचा रजिस्ट्रेशन नंबर कुठाय. 2019 च्या एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) कायद्यात डॉक्टरांच्या सरकारी रजिस्टरमध्ये नाव नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. दुसऱ्याच्या सहीने तो वाचत नाही. आणि त्या पेशंटचाही विचार करा, त्याला वाटतंय समोर डॉक्टर बसलाय.

आता 141 बद्दल. पेपर 300 प्रश्नांचा, पास व्हायला 150, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे पोरगा कच्चा नाहीये हो! बरेचदा चारातला एकही पास होत नाही ह्या परीक्षेत. त्याला विचारा, कम्युनिटी मेडिसिनमध्ये किती आले? माझा अंदाज आहे तिथेच गेले असतील, कारण त्याचे 30 प्रश्न असतात आणि त्यात आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, टीबीचा राष्ट्रीय कार्यक्रम, आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र असलं सगळं येतं, ते तिकडे जॉर्जियात कोण कशाला शिकवेल? तीच गोष्ट सापाच्या विषाची, मलेरियाची, कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटची. नऊ मार्क्स इथून निघतात. परीक्षा वर्षातून दोनदा असते, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये, तोवर सकाळी अभ्यास आणि हात चालता ठेवायचाच असेल तर ओळखीच्या डॉक्टरांकडे नुसतं बाजूला उभं राहून बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही, चिठ्ठी लिहायची नाही.

अजून एक, त्याची अ‍ॅडमिशन 18 नोव्हेंबर 2021 च्या आधीची आहे म्हणून त्याला जुने नियम लागतात. त्यानंतर गेलेल्यांना 54 महिन्यांचा कोर्स, वर्षभराची इंटर्नशिप तिथेच आणि त्या देशात प्रॅक्टिस करण्याचा हक्क अशा अटी आहेत, त्यामुळे शेजारपाजारचे काहीही सांगतील, घाबरू नका. मात्र कोविडमध्ये जेवढं शिक्षण ऑनलाइन झालं ते नंतर तिथे प्रत्यक्ष भरून काढलं असं कॉलेजचं पत्र आत्ताच मागवून ठेवा, कारण इथली इंटर्नशिप किती वर्षांची हे त्यावर अडतं, आणि परदेशातून एक कागद यायला कधीकधी महिने जातात.

पास झाला की मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडून आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं रजिस्ट्रेशन, मग इंटर्नशिप, मग पक्कं. इंटर्नशिपसाठी कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, 2022 मध्येच एनएमसीने स्पष्ट लिहून दिलंय की फी घ्यायची नाही. आणि हो, डिग्रीवर एमडी लिहिलेलं असलं तरी आपल्याकडे ती एमबीबीएसच्या बरोबरीची, दारावरच्या पाटीवर एमडी लावू नका, रजिस्ट्रेशन होईपर्यंत तर पाटीच नको.