नास्तिक माणसाने धर्मावर उघड बोलावं की गप्प राहावं?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. एक, तुम्ही देव मानत नाही, पण धर्माबद्दल तोंड उघडलं की घरात आणि मित्रांत "भावना दुखावल्या" म्हणून वाद होतो. तेव्हा उघड बोलावं, गोड बोलावं की गप्पच बसावं? आणि दुसरी, पुढच्या महिन्यात तुमचं लग्न आहे, लग्नानंतर गावी सत्यनारायण घालणार आहेत आणि वडिलांचा हट्ट आहे की तुम्ही दोघांनी जोडीनं पूजेला बसायचं. त्याचं काय करावं?

मी नास्तिक आहे आणि गेली बावीस वर्षं सांगली जिल्ह्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते. आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून शनिवार-रविवारी, आता निवृत्तीनंतर पूर्ण वेळ. एवढ्या वर्षांत मला जे उमगलं ते सांगते.

सुरुवातीच्या काळात एका गावातल्या गणेश मंडळाने आम्हाला चमत्कारांच्या प्रयोगांसाठी बोलावलं होतं. मंत्राने होम पेटवायचा प्रयोग झाला (राखेखाली पोटॅशियम परमॅंगनेट आणि वरून तूप म्हणून ग्लिसरीन), लिंबातून रक्त काढून झालं, जिभेतून तार आरपार झाली. पोरं टाळ्या वाजवत होती, म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून बघत होत्या. शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी मागच्या मूर्तीकडे हात करून म्हणाले, की तुम्ही ज्याच्यापुढे हात जोडता तो मातीचा गोळा आहे. कुणीतरी माइक बंद केला. मारहाण झाली नाही, शिवीगाळही नाही. लोक उठून गेले. त्या गावात डोक्यात जट झालेल्या तीन बायका होत्या, आणि त्यांच्या घरचा उंबरा ओलांडायला मला पुढे चार वर्षं लागली. माझं वाक्य खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. पण ते ज्यांना ऐकवलं त्यांनी कुणाचं काही लुबाडलं नव्हतं.

जट म्हणजे काय हे शहरात वाढलेल्यांना कदाचित माहीत नसेल. केस न विंचरल्याने, मळ आणि तेल बसून गुंता होतो, वळत वळत दोरखंडासारखा घट्ट होतो. आमच्या भागात आणि सीमेपलीकडे याला यल्लम्माचं बोलावणं समजतात. मग केस विंचरायचे नाहीत, कापायचे तर नाहीतच, त्याला भंडारा लावायचा, आणि पूर्वी अशा कित्येक मुली कर्नाटकातल्या सौंदत्तीला, यल्लम्माच्या देवळात नेऊन देवीला सोडलेल्या आहेत. त्या तिघींपैकी एकीची जट कमरेपर्यंत होती. तिला कुशीवर झोपता यायचं नाही, मान कायम एका अंगाला कललेली. मी पाच वेळा तिच्या घरी गेले. पहिल्या तीन वेळा जटेचा विषयच काढला नाही. शेंगा फोडत बसले, सासूच्या गुडघ्यांचं ऐकलं. चौथ्या वेळी तिनंच विचारलं, "बाई, कापली आणि घरात काही वाईट झालं तर?" मी म्हणाले, झालं तर मला बोलवायचं, मी येईन.

पाचव्या वेळी कात्री घेऊन गेले. जट कापताना करकर आवाज येतो, वाळलेली सुतळी कापावी तसा. आत टाळूवर जखमा होत्या, उवांनी पोखरलेल्या. कापून झाल्यावर तिने मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरवली, आणि बराच वेळ ती तेवढंच करत राहिली. मग रिठ्याच्या पाण्याने डोकं धुतलं.

सहाव्या दिवशी सासूला सणकून ताप आला. मला निरोप आला, आणि त्या निरोपात राग होता. मी गेले, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, रक्त तपासलं, मलेरिया निघाला. दोन रात्री तिथेच बसून काढल्या. ताप उतरला, तेव्हा कुठे गावातल्या बाकीच्या दोघी तयार झाल्या. त्या रात्री मी तिथे नसते, तर तो ताप यल्लम्माचा ठरला असता आणि पुढची वीस वर्षं त्या पंचक्रोशीत कुणी कात्री लावू दिली नसती.

आता तुमच्या "भावना दुखावतात" या मुद्द्याकडे येते. माझ्या अनुभवात भावना दुखावल्याची तक्रार ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्याकडून क्वचित येते. काही वर्षांपूर्वी माझ्या दीड तासाच्या भाषणातला जेमतेम मिनिटभराचा तुकडा कापून कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवला. तालुक्याच्या ठिकाणची काही मंडळी, जी त्या कार्यक्रमाला नव्हतीच, तक्रार घेऊन पोलिसांत गेली. मला बोलावून चार तास बसवून जबाब घेतला. आमच्या एका कार्यकर्त्याने पूर्ण भाषण मोबाइलवर घेतलं होतं, ते दाखवल्यावर प्रकरण मिटलं. तेव्हापासून मी प्रत्येक कार्यक्रम पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करून ठेवते, तुम्हीही ठेवा.

कायद्याचंही नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जण नुसत्या धाकानेच गप्प होतात. जुन्या भारतीय दंड संहितेत १९२७ साली कलम २९५ अ घातलं गेलं, तेच आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण त्यासाठी धार्मिक भावनांवर जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने आघात केलेला असावा लागतो. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं तेही याच आधारावर. शिवाय न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. धर्माची चिकित्सा हा गुन्हा नाही. उलट वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे राज्यघटनेच्या कलम ५१ अ मध्ये नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, १९७६ पासून.

तरीही हे कलम माणसाला किती छळू शकतं ते २०१२ मध्ये मुंबईत दिसलं. विलेपार्ल्यात एका चर्चजवळच्या क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी झिरपू लागलं, लोक ते तीर्थ म्हणून भरून नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागेवर जाऊन पाहणी केली आणि जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढतंय असं दाखवून दिलं. लोक ते पाणी पीत होते, म्हणजे खरं तर त्यांनी आभारच मानायला हवे होते. पण तक्रारी झाल्या, अटकेची वेळ आली आणि ते फिनलंडला गेले.

आणि आता गोड बोलण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी मला तीच आशा दिसते: आपण सौम्य बोललो तर कुणी दुखावणार नाही. मलाही असंच वाटायचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांइतकं सौम्य, मुद्देसूद बोलणारा माणूस या चळवळीत मी पाहिला नाही. आवाज चढवायचा नाही, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. देव मानण्याचा अधिकार घटनेने दिलेला आहे, आमचा विरोध देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते प्रत्येक सभेत सांगायचे. काही कडव्या नास्तिकांना ते बोटचेपेपणाचं वाटायचं, आणि त्या काळात मीही त्यांच्यातलीच होते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते १९९५ पासून अठरा वर्षं झगडले. या कायद्याने वारी बंद होणार, कीर्तन बंद होणार असा समज वारकऱ्यांत पसरवला गेला, तेव्हा मसुद्यात पुन्हा पुन्हा बदल करायला ते तयार झाले. आज त्या कायद्यात यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन, प्रदक्षिणा यांना तो लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता असं विचारणाऱ्या तुकोबांच्या वारकऱ्यांना या कायद्याची भीती घातली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

एवढं सगळं करून २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. मग २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि धारवाडमध्ये प्रा. कलबुर्गी यांनाही गोळ्या घातल्या. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं: गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले.

तेव्हा सौम्य बोललात की कुणी अंगावर येणार नाही, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. सौम्य बोलण्याचं कारण वेगळं आहे. जट झालेल्या बाईला तुमच्या वाक्याने आणखी घाबरवायचं नसतं, कारण ती आधीच घाबरलेली असते. जो बाबा मूल होण्यासाठी बायकांना खोलीत बोलावतो, जो कॅन्सरवर अंगारा देऊन उपचार थांबवायला लावतो, त्याच्याबद्दल मी मुळीच सौम्य बोलत नाही, नाव घेऊन बोलते, पोलिसांत जाते. आगरकरांनीही शब्द गुळगुळीत केले नाहीत. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते लिहीत राहिले.

"तुम्ही फक्त हिंदूंनाच बोलता" हे तुम्हालाही ऐकवलं जात असेल. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी तोंडी तलाकच्या विरोधात सात मुस्लीम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता, आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांच्याच समाजातल्या अनेकांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं. दाभोलकरांनी आपल्या मुलाचं नाव हमीद ठेवलं ते या दलवाईंवरून. मी स्वतः जास्त हिंदू रूढींवर बोलते, कारण मी त्या घरात वाढले, तिथली म्हातारी मला "आमची पोरगी" म्हणते आणि रागावली तरी चहा देते. पण दर्ग्यात मनोरुग्णांना साखळीने बांधलेलं दिसलं, तर तिथेही मी बोललेच आहे.

तुम्ही एकटे आहात असं वाटत असेल, तर एक आकडा सांगते. २०११ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात स्वतःला नास्तिक लिहून घेणारे अख्ख्या देशात ३३ हजारांच्या आसपास निघाले, आणि त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले होते. न लिहिणारे किती असतील याचा अंदाज मला गावोगावी येतो. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी बाजूला घेऊन हळूच सांगतं, "मॅडम, मीपण मानत नाही, पण घरी माहीत नाही." एकदा तर एका देवळाच्या पुजाऱ्याच्या मुलाने असं सांगितलं.

आता तुमचा सत्यनारायण. सगळ्यात आधी तुमच्या होणाऱ्या बायकोशी बोला, वडिलांशी नंतर. तिला काय वाटतं हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि जोडीनं बसायचं म्हणजे ते तिचंही आहे. मग गावी जाऊन समोरासमोर, लग्नाच्या निदान पंधरा दिवस आधी वडिलांना सांगा की मी पूजेला बसणार नाही. फोनवर नको, आणि पाहुणे जमल्यावर तर नकोच, कारण तेव्हा त्यांच्यापुढे अब्रूचा प्रश्न उभा राहतो आणि तुमचं म्हणणं कुणी ऐकत नाही. पूजा बंद करा असं म्हणू नका, ती त्यांच्या घरात त्यांच्या पैशांनी होते आहे. आई-वडिलांनी जोडीनं बसावं असं सुचवा. बहुतेक घरांत हे चालतं, मी स्वतः तीन-चार ठिकाणी मध्यस्थी केली आहे. तुमच्या बायकोला बसायची इच्छा असेल, तर ती सासू-सासऱ्यांजवळ बसेल, तिला अडवू नका.

वडील चिडतील. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. त्या दोन दिवसांत वाद घालू नका, मंडपवाल्याचं, पाण्याच्या टँकरचं, जेवणाचं सगळं अंगावर घ्या. पूजेच्या दिवशी खोलीत दार लावून बसू नका. आल्या-गेल्यांना पाणी द्या, पंगतीत वाढा. कुणी विचारलं की तू का नाही बसलास, तर एका वाक्यात खरं सांगा आणि पुढच्या ताटाकडे वळा. प्रसादाचा शिरा दिला तर खा, तो रव्याचा असतो आणि तुमच्या आईने केलेला असतो.